लिथियम काढायचे तर आधी सिलिका ओळखावी लागते

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या इम्पीरियल खोऱ्यात, सॉल्टन सी नावाचे एक खारे सरोवर आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी १९०५ साली कालव्याचा काठ फोडून या सखल भागात शिरले आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे येतच राहिले. आजचे सरोवर त्यातून तयार झाले. या सरोवराच्या दक्षिण काठाखाली, एक ते तीन किलोमीटर खोलीवर, ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले, अत्यंत खारट पाणी आहे. समुद्राच्या पाण्यात वजनाने साडेतीन टक्के क्षार असतात, तर या पाण्यात सुमारे पंचवीस टक्के. एक किलो द्राव घेतला तर त्याचा चौथा भाग विरघळलेल्या खनिजांचाच असतो आणि त्यात साधारण २०० मिलिग्रॅम लिथियम असते. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली झालेला आणि अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की या क्षेत्रात एकूण ३४ लाख टनांहून अधिक लिथियम असू शकते आणि विजेवर चालणाऱ्या ३७.५ कोटींहून अधिक गाड्यांच्या बॅटऱ्यांना ते पुरू शकेल.

हा आकडा वाचून साहजिकच प्रश्न पडतो, की मग ते बाहेर का काढले जात नाही. तिथे भूऔष्णिक वीज केंद्रे कित्येक दशके चालू आहेत, म्हणजे हा द्राव रोज वर येतो, त्यातील उष्णतेवर वीज तयार होते आणि तो पुन्हा जमिनीत सोडला जातो. लिथियम अक्षरशः नळातून वाहत जाते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम आज जगभरातील अनेक पीएचडी विद्यार्थी करत आहेत. त्यांच्या प्रबंधांची नावे लांबलचक असतात, परंतु बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या द्रावात लिथियम किती आहे यापेक्षा त्याच्या सोबत आणखी काय विरघळले आहे, आणि तापमान, दाब किंवा आम्लता बदलताच ती सोबतची मंडळी कशी वागतात, यावर लिथियमचे भवितव्य ठरते.

सॉल्टन सीच्या खालच्या भागात पृथ्वीचे कवच ताणले जाऊन पातळ झाले आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत, सॅन अँड्रियास हा प्रसिद्ध भ्रंश याच भागात येऊन संपतो, आणि त्यामुळे तप्त खडक पृष्ठभागाच्या बराच जवळ आला आहे. त्यावर कोलोरॅडो नदीने लाखो वर्षे आणून टाकलेला गाळ आहे, आणि जुनी सरोवरे आटल्यावर मागे राहिलेले मीठही त्या गाळात मिसळलेले आहे. तापलेले पाणी हे मीठ विरघळवून घेते, क्लोराइडने भरून जाते आणि मग त्याच्या अंगी एक विलक्षण गुण येतो. जस्त, शिसे, लोह, मँगनीज, चांदी अशा धातूंचे आयन क्लोराइडशी जोड्या बांधून द्रावातच टिकून राहतात. साध्या पाण्यात हे धातू सल्फाइड होऊन केव्हाच तळाशी बसले असते. म्हणून या द्रावाच्या एका किलोत लोह आणि मँगनीज प्रत्येकी हजार मिलिग्रॅमहून अधिक, आणि जस्त काहीशे मिलिग्रॅम सापडते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला येथे पहिली खोल विहीर खणून चाचणी घेतली, तेव्हा काही महिन्यांतच नळांच्या आत कित्येक टन काळपट थर जमला, आणि तपासल्यावर त्यात तांबे व चांदी यांचे प्रमाण थक्क करणारे निघाले. धातूंच्या खाणी निसर्गात कशा तयार होतात हे भूवैज्ञानिकांना डोळ्यांसमोर घडताना दिसले. वीज काढू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी मात्र ती नळ तुंबवणारी आपत्ती होती.

नळ तुंबवणारा मुख्य पदार्थ सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, आहे. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि पाणी तापल्यामुळे बसतो. सिलिकाचे वागणे याच्या नेमके उलटे आहे, ती पाणी थंड होताना बसते. खोलवरच्या खडकात क्वार्ट्झ हे सिलिकाचे स्फटिकरूप असते. गरम पाणी क्वार्ट्झच्या सहवासात शतकानुशतके राहते, त्यामुळे त्या तापमानाला जेवढी सिलिका विरघळू शकते तेवढी ते विरघळवून घेते. २५० अंशांवरच्या शुद्ध पाण्यासाठी हे प्रमाण किलोला सुमारे ४९० मिलिग्रॅम आहे. आता हे पाणी विहिरीतून वर येताना दाब उतरतो आणि त्याचा काही भाग एकदम वाफ होतो. १०० अंशांपर्यंत उतरताना साधारण तीस टक्के पाणी वाफ होऊन निघून जाते. सिलिका वाफेबरोबर जात नाही, ती उरलेल्या पाण्यातच राहते, म्हणून तिचे प्रमाण किलोला जवळजवळ ६९० मिलिग्रॅमपर्यंत चढते.

मात्र १०० अंशांना स्फटिकरहित सिलिका पाण्यात फक्त ३६० मिलिग्रॅमच्या आसपास मावते. म्हणजे जेवढी मावते त्याच्या जवळजवळ दुप्पट सिलिका त्या पाण्यात आहे, आणि तिला बाहेर पडणे भाग आहे. क्वार्ट्झ थंड पाण्यात अतिशय संथपणे तयार होतो, म्हणून ती क्वार्ट्झ होऊन बसत नाही. आधी तिचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन सूक्ष्म कण बनतात, मग ते कण नळाच्या भिंतीवर, झडपांवर आणि पुढे लिथियम पकडण्यासाठी ठेवलेल्या दाण्यांवर जमतात. वरचे आकडे शुद्ध पाण्याचे आहेत. खारटपणा वाढला की सिलिकाची विद्राव्यता आणखी घटते, आणि सॉल्टन सीसारख्या लोहयुक्त द्रावात तर लोह व सिलिका मिळून असा थर तयार करतात, जो केवळ सिलिकाचा हिशेब केल्यास अपेक्षित नसलेल्या, बऱ्याच वरच्या तापमानालाही बसू लागतो. संशोधकाचे मॉडेल येथूनच गुंतागुंतीचे होत जाते.

हे मॉडेल कसे उभे राहते ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण त्याची सुरुवात संगणकावर होत नाही, विहिरीच्या तोंडाशी होते. विहिरीतून वाफ आणि पाणी असे मिश्रण येते, आणि दोन्हींचे नमुने वेगवेगळे पण एकाच दाबाला घ्यावे लागतात. वाफेतील कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पकडण्यासाठी आतली हवा काढून टाकलेली, कॉस्टिक सोड्याचे द्रावण भरलेली काचेची बाटली वापरतात. सिलिकासाठी घेतलेले पाणी तिथेच, त्याच क्षणी शुद्ध पाण्याने पातळ करावे लागते, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सिलिका बाटलीच्या तळाशी बसते आणि मोजणी खोटी येते. धातूंसाठीचा नमुना गाळून आम्ल घालून ठेवावा लागतो. मग धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज जुळते का ते पाहतात. तफावत पाच टक्क्यांहून अधिक आली तर कुठेतरी मोजणी चुकली आहे असे समजून पुन्हा तपासणी होते. कोणत्याही प्रबंधाचे पहिले वर्ष बहुधा या कामात जाते, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गणिताची विश्वासार्हता याच वर्षात ठरते.

यानंतरची पायरी म्हणजे उलटा प्रवास. पृष्ठभागावर मिळालेले पाणी, वाफ आणि वायू गणिताने पुन्हा एकत्र करून खोलवरचा मूळ द्राव कसा असेल याची पुनर्रचना करतात. ही पुनर्रचना बरोबर आहे का हे तपासण्याची एक सुंदर पद्धत १९८०च्या दशकात रूढ झाली. संगणकावर द्रावाचे तापमान पायरीपायरीने वाढवत न्यायचे आणि क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, कॅल्साइट अशा प्रत्येक खनिजासाठी तो द्राव कमी संपृक्त आहे की अतिसंपृक्त, याचा आलेख काढायचा. द्राव खरोखर त्या खनिजांशी समतोल साधून बसलेला असेल, तर या सगळ्या रेषा एका विशिष्ट तापमानापाशी येऊन मिळतात, आणि तेच खोलवरच्या साठ्याचे तापमान असते. रेषा विखुरलेल्या राहिल्या तर वायूचा काही भाग मोजणीतून निसटला आहे, किंवा वर येताना थंड भूजल मिसळले आहे, असा अर्थ निघतो.

याच विचाराचे एक सोपे रूप आपल्याकडेही वापरले गेले आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ, राजवाडी आणि उन्हवऱ्यापर्यंत कोकणपट्टीत गरम पाण्याच्या झऱ्यांची जी रांग आहे, तिच्या पाण्यातील सिलिका आणि सोडियम-पोटॅशियम यांच्या प्रमाणांवरून खालच्या तापमानाचे अंदाज बांधले गेले आहेत. अमेरिकी भूवैज्ञानिक रॉबर्ट फोर्नियर यांच्या १९७७ मधील सूत्राने हिशेब केला, तर किलोला १०० मिलिग्रॅम सिलिका असलेले पाणी साधारण १३७ अंश तापमानाच्या खडकातून आलेले असावे असे निघते, मग वर ते ५० अंशांचेच का असेना. मात्र कोकणातल्या या झऱ्यांकडून सॉल्टन सीसारख्या लिथियमची अपेक्षा करणे बरोबर नाही. येथील खडक बेसाल्ट आणि त्याखालचा जुना स्फटिकी पाया आहे, तापमान बरेच कमी आहे आणि खारटपणा कितीतरी पटींनी कमी आहे.

आता या मॉडेलच्या गाभ्याकडे वळू. विरळ पाण्यात आयन एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण मोजले की ते किती प्रभावीपणे रासायनिक क्रियेत भाग घेतील हे जवळपास कळते. पाणी खारट होत गेले की आयन एकमेकांच्या विद्युतप्रभावाखाली येतात आणि त्यांची प्रभावी संहती, जिला रसायनशास्त्रात सक्रियता म्हणतात, मोजलेल्या संहतीपेक्षा वेगळी होते. पीटर डिबाय आणि एरिक हुकेल यांनी १९२३ मध्ये या परिणामाचे पहिले यशस्वी गणित मांडले, पण ते विरळ द्रावणापुरतेच चालते. पुढे केलेल्या दुरुस्त्या धरल्या तरी समुद्राच्या पाण्याच्या आसपास त्यांची ताकद संपते. सॉल्टन सीच्या द्रावात तर आयनांची इतकी दाटी आहे, की पाण्याचा मोठा हिस्सा त्यांना वेढून बसण्यातच गुंतलेला असतो. अशा द्रावासाठी बर्कलीचे केनेथ पिट्झर यांनी १९७३ पासून विकसित केलेली समीकरणे वापरतात. त्यांत प्रत्येक दोन आयनांमधील आणि प्रत्येक तीन आयनांमधील परस्परप्रभावासाठी स्वतंत्र गुणांक असतात, आणि हे गुणांक प्रत्यक्ष प्रयोगांतूनच मिळवावे लागतात.

खरी अडचण येथेच आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांसाठी चांगले गुणांक बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत उपलब्ध आहेत. लोह, मँगनीज, जस्त आणि स्वतः लिथियम यांच्यासाठी, तेही ३०० अंशांवरच्या पंचवीस टक्के खारट द्रावात, प्रयोगांची संख्या फार थोडी आहे, कारण असे द्राव धातूची पात्रे कुरतडतात आणि त्या दाबाला मोजमाप करणे महागडे असते. दुसरीकडे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड हेल्गेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली एक वेगळी समीकरणपद्धती उच्च तापमानाला उत्तम चालते आणि धातू-क्लोराइडच्या जोड्यांचा हिशेबही ठेवते, पण दाट खारटपणापुढे तिच्या मर्यादा दिसतात. एक पद्धत खारटपणा सांभाळते, दुसरी तापमान सांभाळते, आणि निसर्गाने दोन्ही एकाच विहिरीत आणून ठेवले आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे फ्रीक्यूसी किंवा बर्कली प्रयोगशाळेचे टफ्रिॲक्ट यांसारखे संगणक कार्यक्रम वापरासाठी उपलब्ध आहेत आणि ते दशांशाच्या चार-चार स्थळांपर्यंत उत्तर देतात. परंतु ते उत्तर त्यामागच्या गुणांकांच्या कोष्टकापेक्षा अधिक चांगले कधीच असू शकत नाही. म्हणून चांगल्या प्रबंधात एक प्रकरण असे असते, ज्यात प्रत्येक गुणांक त्याच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत हजारो वेळा मागेपुढे करून पाहिला जातो आणि अंतिम उत्तर सर्वांत जास्त कशामुळे हलते ते शोधले जाते. नवा प्रयोग कोणता करायचा हे त्यावरून ठरते. हे प्रकरण फारसे कोणी वाचत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

लिथियम पकडण्याची पायरी यानंतर येते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात खारे पाणी उथळ तलावांत वर्षभराहून अधिक काळ वाळवून लिथियम घट्ट करतात. भूऔष्णिक केंद्रात ही सोय नाही, कारण द्राव गरम असतानाच काही तासांत पुन्हा जमिनीत सोडावा लागतो. म्हणून त्याला एका शोषक पदार्थाच्या दाण्यांतून वाहू देतात. सध्या सर्वांत जास्त वापर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या थरांवर आधारलेल्या शोषकाचा होतो. या थरांमध्ये ज्या लहान रिकाम्या जागा असतात त्यांत लिथियमचा आयन बसतो, आणि सोडियम व पोटॅशियमचे आयन आकाराने मोठे असल्याने बाहेर राहतात. द्रावात एका भाग लिथियमला सुमारे अडीचशे भाग सोडियम असते हे लक्षात घेतले, म्हणजे ही निवड किती काटेकोर असावी लागते ते समजते. मॅग्नेशियमचा आयन मात्र आकाराने लिथियमच्या जवळचा आहे, आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक क्षारतलावांत तोच मोठी डोकेदुखी ठरतो. तप्त भूऔष्णिक साठ्यांना येथे एक नैसर्गिक लाभ आहे: उच्च तापमानाला मॅग्नेशियम चिकणमातीवर्गीय खनिजांत अडकून बसते, त्यामुळे द्रावात ते फार थोडे उरते.

पण सिलिका आणि लोह आधी काढले नाहीत, तर हा शोषक लवकरच निकामी होतो. हवेशी संबंध आला की द्रावातील लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि गंजासारखा गाळ तयार होऊन दाण्यांवर बसतो. म्हणून सॉल्टन सीच्या काही केंद्रांत पूर्वी बसलेल्या सिलिकाच्या गाळाचे कण मुद्दाम द्रावात सोडतात, जेणेकरून नवी सिलिका नळाच्या भिंतीऐवजी या कणांवर बसावी, आणि मग मोठ्या टाक्यांत हा गाळ खाली बसवून वरची निवळी पुढे पाठवतात. दुसऱ्या पद्धतीत थोडे आम्ल घालून सामू खाली आणतात, त्यामुळे सिलिकाचे रेणू जोडले जाण्याची क्रिया मंदावते आणि द्राव जमिनीत परत जाईपर्यंतचा वेळ मिळतो. आम्ल जास्त झाले तर नळ गंजतात. कमी झाले तर ते तुंबतात. किती आम्ल, कोणत्या तापमानाला आणि किती मिनिटांसाठी, हे सांगणे मॉडेलचे काम आहे, आणि त्यासाठी केवळ समतोलाचे गणित पुरत नाही, क्रियेचा वेगही मोजावा लागतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करू. समजा एका केंद्रातून तासाला १,००० टन द्राव जातो. किलोला २०० मिलिग्रॅम धरले तर तासाला २०० किलो लिथियम वाहून जाते, वर्षाला ८,००० तास चालवल्यास १,६०० टन. ते सगळे हाती आले तर सुमारे ८,५०० टन लिथियम कार्बोनेट होईल. पण त्याच द्रावातून दर तासाला काहीशे किलो सिलिका आणि टनाहून अधिक लोहही जात असते, आणि ते काढून टाकले तर त्यातून निघणारा शिसे व आर्सेनिकयुक्त गाळ कुठेतरी सुरक्षितपणे ठेवावा लागतो. शोषकात अडकलेले लिथियम सोडवण्यासाठी गोडे पाणी लागते, आणि इम्पीरियल खोऱ्यात गोडे पाणी म्हणजे शेतीसाठी आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी. तेथील रहिवाशांनी हा प्रश्न उचलून धरला आहे आणि तो रास्त आहे. याच भागात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जस्त काढण्याचा कारखाना उभारला गेला होता. तो २००४ मध्ये बंद पडला. द्रावात जस्त भरपूर होते, तरीही.

भूगर्भातील गरम द्रावातून खनिज काढणे ही कल्पना मुळात नवी नाही. इटलीच्या लार्देरेल्लो येथे १८१८ पासून गरम झऱ्यांतून बोरिक आम्ल काढत असत, आणि त्याच ठिकाणी १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावून दाखवण्यात आले. तिथे खनिज आधी आले, वीज नंतर. भारतात लडाखच्या पुगा खोऱ्यातील गरम झऱ्यांभोवती बोरॅक्सचे साठे पूर्वीपासून माहीत आहेत, आणि त्या पाण्यात व निक्षेपांत सिझियमही आढळले आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, त्यात लिथियम आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला या विषयात काम करायचे असेल, तर पुगाचा द्राव हा खरा आणि जवळचा विषय आहे, जरी त्याचे रसायन सॉल्टन सीपेक्षा बरेच वेगळे, कमी खारट आणि बायकार्बोनेटयुक्त असले तरी.

शेवटचा प्रश्न साठ्याच्या आयुष्याचा आहे. उष्णता काढून घेतलेला द्राव जमिनीत परत सोडला की खडक त्याला पुन्हा तापवतो. लिथियम काढून घेतलेल्या द्रावाला खडक पुन्हा लिथियम देईल का, आणि दिले तर किती वेगाने, हे तितकेसे सरळ नाही. लिथियम मुख्यतः चिकणमाती आणि अभ्रकवर्गीय खनिजांतून सुटते आणि ती क्रिया वीज केंद्राच्या कालमानाने संथ आहे. लिथियमरहित द्राव भेगांमधून फिरत फिरत उत्पादन विहिरीपर्यंत पोहोचला, तर तिथले प्रमाण हळूहळू उतरू लागते. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरील ऱ्हाईन खोऱ्यातही हाच प्रश्न अभ्यासला जात आहे, कारण तिथल्या द्रावातही किलोला दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लिथियम आहे आणि विहिरी एकमेकींपासून फार दूर नाहीत. परतीच्या विहिरीत खुणेचे रसायन सोडायचे, ते उत्पादन विहिरीत केव्हा आणि किती पोहोचते ते महिनोन्‌महिने मोजायचे, त्यावरून भेगांचे जाळे ठरवायचे आणि मग त्या जाळ्यात खडक-पाण्याच्या क्रिया बसवून तीस वर्षांचे चित्र काढायचे, अशी या कामाची रीत आहे. त्यात कोणत्या दोन विहिरींमध्ये किती अंतर ठेवावे हा निष्कर्ष निघतो, आणि तो विहिरी खणण्यापूर्वी हाती असावा लागतो.